माळ्यावरचा पाय

  ज्यांचं नेटवर्क बसमध्ये नेमकं घाटात जातं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा एपिसोड लिहूनही देतोय. बोलतानाचं "अं... म्हणजे..." तेवढं काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय आहे कृत्रिम हात-पाय आणि त्यातलं संशोधन. पण सुरुवात करायचीय माझ्या मामांच्या घरातल्या माळ्यापासून.

मामा साताऱ्याकडे असतात. थोडी शेती आणि गावात किराणा दुकान. शुगर बरीच वर्षं होती. चार वर्षांपूर्वी त्यांच्या चपलेत एक खिळा वर आला होता. तो दिवसभर टोचत होता, पण त्यांना कळलंच नाही. जुन्या शुगरमध्ये पायाच्या नसा खराब होतात आणि तळव्याला कळणंच बंद होतं. रात्री मामीनं चादरीवर रक्त बघितलं. मग जखम, मग पू, मग काळं पडलेलं बोट, आणि शेवटी डावा पाय गुडघ्याखाली कापायला लागला.

काही महिन्यांनी एका शिबिरात त्यांना कृत्रिम पाय मिळाला, तोही मोफत. फोटो काढले, हार घातला, मामा चार पावलं चालले, टाळ्या झाल्या. आम्ही सगळे खूश. मी तर तो व्हिडिओ स्टेटसला ठेवला होता.

पुढच्या दिवाळीला मी गेलो तर मामा कुबड्यांवर. म्हटलं, "मामा, पाय कुठाय?" त्यांनी नुसती मान वर केली. माळ्यावर, टॉवेलात गुंडाळून ठेवलेला, रिकाम्या डब्यांच्या शेजारी.

आता मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटलं हे जुनं मॉडेल असेल, नवीन काहीतरी आणू. मोबाईल काढला आणि त्यांना परदेशातल्या बायोनिक हाताचा व्हिडिओ दाखवला. एक माणूस नुसता स्नायू आवळतोय आणि हाताची बोटं मिटतायत, अंडं न फोडता उचलतोय. मामांनी पूर्ण व्हिडिओ बघितला, चष्मा काढला आणि म्हणाले, "लय भारी आहे बाळा. पण मला सांग, देवळाच्या पायरीवर बसता येईल असं काही निघालंय का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग मी वाचायला लागलो, लोकांना भेटायला लागलो. त्यातून जे कळलं ते आज तुम्हाला सांगतोय.

आधी दोन शब्द समजून घेऊ

या क्षेत्राला प्रोस्थेटिक्स आणि ऑर्थोटिक्स म्हणतात, बोलताना नुसतं 'पी अँड ओ'. प्रोस्थेसिस म्हणजे जो अवयव नाही त्याची जागा घेणारी वस्तू, जसा कृत्रिम पाय किंवा हात. ऑर्थोसिस म्हणजे अवयव आहे, पण त्याला आधार किंवा वळण द्यायचंय. पोलिओ झालेल्या माणसाचं कॅलिपर तुम्ही बघितलं असेल. ते ऑर्थोसिस. कंबरेचा पट्टा, मानेचा पट्टा, सपाट तळव्यासाठी बुटात घालायचा इनसोल, हे सगळं त्यातच येतं.

आणि हे काही फक्त युरोप-अमेरिकेतलं प्रकरण नाही. आपल्या पुण्यात, वानवडीला, सैन्याचं आर्टिफिशियल लिंब सेंटर १९४४ पासून आहे, म्हणजे दुसरं महायुद्ध चालू असल्यापासून. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, आणि त्यातल्या सुमारे ५४ लाख लोकांची अडचण हालचालीशी संबंधित होती. म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी असतंच.

पाय चांगला होता, पण बसायचं कसं?

आता मामांचा देवळाच्या पायरीचा प्रश्न. तो नवीन नाहीये. जवळपास साठ वर्षांपूर्वी जयपूरमध्ये हाच प्रश्न डॉक्टर प्रमोद करण सेठी यांच्यासमोर आला होता.

सेठी सवाई मानसिंह हॉस्पिटलमध्ये अस्थिशल्यचिकित्सक होते. तेव्हा जगभर चालणारा कृत्रिम पाऊल म्हणजे 'सॅच फूट'. त्यात आत लाकडाचा ताठ गाभा, टाचेला मऊ गादी, आणि वरून बूट घालायचाच. घोटा हलत नाही. डांबरी रस्ता, खुर्ची, टेबल, कमोड, असं ज्याचं आयुष्य आहे त्याच्यासाठी ठीक. पण राजस्थानातला शेतकरी काय करणार? तो अनवाणी चालतो, चिखलात उतरतो, बांधावरून जातो, जेवायला मांडी घालतो, सकाळी उकिडवा बसतो. देवळात बूट काढावा लागतो. बूट काढला की ते पाऊल दिसायला विचित्र, पाण्यात भिजलं की खराब.

सेठींच्या लक्षात आलं की पाय दिलेले पेशंट नंतर भेटतात तेव्हा पुन्हा कुबड्यांवर असतात. इथे एक गोष्ट बघा. आमच्या क्षेत्रात युजरनं ॲप वापरलं नाही की आम्ही पटकन म्हणतो, "युजरला समजत नाही." सेठींनी तसं म्हटलं नाही. त्यांनी ठरवलं की पेशंट बरोबर आहे आणि पाय चुकलाय.

मग त्यांच्याबरोबर आले रामचंद्र शर्मा. सगळे त्यांना मास्टरजी म्हणायचे. ते डॉक्टर नव्हते, इंजिनिअर नव्हते. हातानं घडवणारे कारागीर होते आणि हॉस्पिटलमध्ये पेशंटना हस्तकला शिकवायचे. ट्रकच्या टायरला नवीन रबर चढवतात ना, त्या दुकानातलं व्हल्कनायझिंगचं तंत्र त्यांनी पावलासाठी वापरलं. साच्यात स्पंज रबरचे ठोकळे, घोट्याजवळ लाकडाचा तुकडा, मजबुतीसाठी टायरमधली कॉर्ड, आणि वरून कातडीच्या रंगाचं रबर. हे सगळं गरम करून एकजीव करायचं. आत ताठ गाभा नाही, म्हणून पाऊल पुढे-मागे आणि बाजूलाही वाकतं. बोटं सुटी दिसतात. बूट नको. पाण्यात चालतं.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेला हाच तो 'जयपूर फूट'. सेठींना १९८१ साली रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या पावलाचं पेटंट घेतलं गेलं नाही. ज्याला बनवायचंय त्यानं बनवावं. आजच्या भाषेत सांगायचं तर ओपन सोर्स.

१९७५ साली डी. आर. मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली आणि हा पाय मोफत, मोठ्या प्रमाणावर बसवायला सुरुवात झाली. पावलाच्या वरचा नळीचा भाग आणि सॉकेट बनवायला त्यांनी एचडीपीई पाईप वापरले, शेतात पाणी न्यायला असतात त्या प्रकारच्या प्लास्टिकचे. पाईप गरम करायचा, पायाच्या साच्यावर चढवायचा, झालं. माणूस सकाळी येतो आणि बऱ्याचदा पाय घालूनच परत जातो.

तुमच्या घरी विचारा, सुधा चंद्रन कोण. १९८१ च्या अपघातानंतर त्यांचा पाय गेला आणि त्या जयपूर फूट घालून भरतनाट्यम नाचल्या. 'नाचे मयूरी' हा सिनेमा त्यांच्याच आयुष्यावर आहे, आणि त्यात काम केलंय त्यांनीच.

खरी लढाई सॉकेटमध्ये असते

आता तुम्ही म्हणाल, मग मामांचा पाय माळ्यावर का गेला? त्यांना तर अशाच प्रकारचं, वाकणारं पाऊल मिळालं होतं!

हे मला पुण्यातल्या एका पी अँड ओ ताईंनी समजावलं. कृत्रिम पायात सगळ्यात महत्त्वाचा भाग पाऊल नाही, गुडघा नाही, कॉम्प्युटर तर नाहीच. तो भाग म्हणजे सॉकेट. उरलेला पाय, म्हणजे स्टंप, ज्या पेल्यासारख्या भागात जातो तो. माणसाचं अख्खं वजन तिथून जातं.

विचार करा. तळव्याची कातडी वजन घ्यायलाच बनलेली असते, जाड असते. पोटरीची कातडी नाही. तिथे सरळ वजन टाकलं तर जखम होणारच. म्हणून सॉकेट म्हणजे नुसता पायाच्या मापाचा डबा नसतो. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत बर्कलीला एक डिझाईन तयार झालं, ज्यात गुडघ्याच्या वाटीखालच्या जाड शिरेवर भार जास्त द्यायचा आणि हाड टोचतं त्या जागी सॉकेट थोडं सैल ठेवायचं. म्हणजे जिथे सहन होतं तिथे दाब, जिथे होत नाही तिथे जागा. हे मिलिमीटरचं काम आहे. आणि प्रत्येक पाय वेगळा.

त्यात अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली, त्रासच. स्टंपचा आकार स्थिर नसतो. ऑपरेशननंतर सूज असते, ती उतरते. न वापरलेले स्नायू बारीक होतात. पहिल्या वर्षात स्टंप चांगलाच आटतो. इतकंच काय, एकाच दिवसात सकाळ-संध्याकाळ फरक पडतो. मग सॉकेट सैल होतं, पाय आत खाली सरकतो, टोकाच्या हाडावर दाब येतो, फोड येतो. शुगर असलेल्या माणसाला तो फोड कळत नाही आणि लवकर भरतही नाही.

मामांचं नेमकं हेच झालं होतं. सॉकेट बसवलं तेव्हा बरोबर होतं. तीन महिन्यांनी ते त्यांच्या पायाचं राहिलं नव्हतं. आणि शिबिर तर केव्हाच पुढच्या गावाला गेलं होतं.

जयपूर फूटवरही हीच टीका झालीय, आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००४ साली या क्षेत्रातल्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात पाहणी आली. एचडीपीई-जयपूर पद्धतीचे पाय बसवलेल्या लोकांकडे संशोधक परत गेले आणि त्यांना फिटिंगमध्ये आणि टिकाऊपणात बऱ्याच अडचणी दिसल्या. याचा अर्थ मास्टरजींची कल्पना चुकली असा नाही. पाऊल स्वस्तात आणि पटकन बनवता येतं, पण सॉकेट पुन्हापुन्हा बघावं लागतं. एका दिवसात पाय देता येतो. पाय वापरात राहायला मात्र वर्षभर कुणीतरी सोबत असावं लागतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला मेंटेनन्स म्हणतो. लाँचच्या दिवशी केक कापतात, मेंटेनन्सला कुणी केक कापत नाही.

गुडघा: कपाटाच्या बिजागरापासून चिपपर्यंत

मामांचा गुडघा वाचला होता, हे त्यांचं नशीब. गुडघ्याच्या वर पाय गेला की काम खूप अवघड होतं. कृत्रिम गुडघा दोन उलट गोष्टींसाठी लागतो. उभं असताना तो अजिबात दुमडायला नको आणि पाऊल उचलताना सहज दुमडायला हवा.

सगळ्यात साधा गुडघा म्हणजे दाराच्या बिजागरासारखा एकच आस. वजन जरा त्या आसाच्या मागे गेलं की खटकन दुमडतो आणि माणूस पडतो. यावर उपाय म्हणजे चार दांड्यांचा गुडघा. मॉड्युलर किचनच्या कपाटाचं आतलं बिजागर बघा. दार उघडताना ते एका ठिकाणी फिरत नाही, फिरण्याचा बिंदू सरकत जातो. चार दांड्यांच्या गुडघ्यात तसंच होतं. पाय सरळ असताना हा बिंदू वर आणि मागे असतो, त्यामुळे वजन पडलं की गुडघा उलट घट्ट होतो. दुमडायला लागला की बिंदू सरकतो आणि पाय सहज झुलतो. शिवाय दुमडताना पायाची लांबी थोडी कमी होते, म्हणून बोटं जमिनीला अडकत नाहीत. यात बॅटरी नाही, सेन्सर नाही. फक्त भूमिती.

२००८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी जयपूरच्या समितीसाठी असाच गुडघा बनवला, तेल मुरवलेल्या नायलॉनचा. सांध्याला वेगळं वंगण लागत नाही. बनवण्याचा खर्च सुमारे २० डॉलर सांगितला गेला. 'टाइम' मासिकानं २००९ च्या उत्तम शोधांच्या यादीत 'जयपूर नी' घेतला.

आणि २०२२ मध्ये आयआयटी मद्रासनं 'कदम' नावाचा गुडघा आणला, बंगळुरूच्या मोबिलिटी इंडिया या संस्थेसोबत. हाही अनेक दांड्यांचाच. तो १६० अंशांपर्यंत दुमडतो. हा आकडा का महत्त्वाचा? कारण आपल्या एसटीच्या दोन सीटमध्ये किंवा शेअर रिक्षाच्या मागच्या बाजूला पाय कोंबून बसायचं असतं. डिझाईन करणारा एकदा जरी अशा रिक्षात बसला असेल, तरच त्याला हे सुचतं.

दुसऱ्या टोकाला आहेत कॉम्प्युटरवाले गुडघे. १९९७ मध्ये जर्मनीच्या ऑटोबॉक कंपनीनं 'सी-लेग' आणला. त्यात सेन्सर सेकंदाला ५० वेळा पायाचा कोन आणि भार मोजतात आणि आतल्या हायड्रॉलिकचा विरोध त्याप्रमाणे कमी-जास्त होतो. ठेच लागली तर गुडघा स्वतः सावरतो. उतारावर, जिन्यावर विश्वासानं पाऊल टाकता येतं. मी हे अजिबात कमी लेखत नाहीये. ज्याला पडायची भीती गेली, त्याचं आयुष्य बदलतं. प्रश्न किमतीचा आहे. म्हणून २०२२ मध्ये इस्रोनं जाहीर केलेला मायक्रोप्रोसेसर गुडघा महत्त्वाचा वाटतो. साधारण १.६ किलोचा नमुना, आणि हेतू असा की परदेशी गुडघ्यापेक्षा कितीतरी स्वस्तात मिळावा.

हात: व्हायरल व्हिडिओ आणि कपाटातला खण

आता त्या व्हिडिओतल्या हाताकडे येऊ. तो कसा चालतो? आपण स्नायू आवळला की कातडीवर अगदी बारीक विद्युत संकेत उमटतो. इलेक्ट्रोड तो टिपतात, प्रोसेसर ओळखतो, मोटर बोटं मिटवते. याला मायोइलेक्ट्रिक हात म्हणतात. अमेरिकेत डॉक्टर टॉड कुइकेन यांनी तर पुढची उडी घेतली. खांद्यापासून हात गेलेल्या माणसाच्या, एरवी हाताकडे जाणाऱ्या नसा त्यांनी छातीच्या स्नायूंना जोडल्या. मग त्या माणसानं "मूठ मिटू" असा विचार केला की छातीचा स्नायू हलतो आणि त्यावरून यंत्राचा हात. डोकं फिरवणारं काम आहे.

पण आता एक आकडा ऐका. २००७ साली दोन कॅनेडियन संशोधकांनी पंचवीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून बघितलं की कृत्रिम हात मिळालेले किती लोक तो सोडून देतात. प्रौढांमध्ये इलेक्ट्रिक हात सुमारे २३ टक्के, आणि दोरीनं ओढायचे साधे हात २६ टक्के. लहान मुलांमध्ये हेच ३५ आणि ४५ टक्के. म्हणजे मोटर लावली म्हणून प्रश्न सुटला असं नाही. प्रौढांमध्ये तर फरक फक्त तीन टक्क्यांचा.

वजन, घाम, गरम होणं, बोटांना स्पर्श न कळणं... आणि दुसरा हात आहेच की! एका हातानं काम पटकन होत असेल तर हे ओझं कोण बाळगणार? जगभरातल्या महागड्या संशोधनाचेही कुठेतरी कपाटातले खण आहेत. एकटे मामाच नाहीत माळ्यावर पाय ठेवणारे, हे वाचून मला बरं वाटलं आणि वाईटही.

थ्रीडी प्रिंटिंगचंही तसंच. दक्षिण आफ्रिकेतले सुतार रिचर्ड व्हॅन अस यांची २०११ मध्ये करवतीनं बोटं गेली. त्यांनी इंटरनेटवरून अमेरिकेतल्या आयव्हन ओवेन यांच्याशी हात मिळवला आणि मनगट वाकवलं की दोरीनं बोटं मिटतात असा हात तयार झाला. फायली सगळ्यांसाठी खुल्या केल्या. मूल वाढलं की फाईल थोडी मोठी करायची, पुन्हा प्रिंट. वाढत्या मुलांसाठी ही जबरदस्त गोष्ट आहे. मात्र त्याची पकड कमजोर असते आणि त्याला हलणारं मनगट लागतं. म्हणून कॉलेजच्या प्रोजेक्टला थ्रीडी हात करणाऱ्या मित्रांनो, नक्की करा, पण डेमो झाल्यावर तीन महिन्यांनी त्या मुलाच्या घरी परत जा. तुमचा खरा रिझल्ट तिथे लागेल.

दोन बूट आणि एक पट्टी

ऑर्थोसिसचं एक उदाहरण सांगतो, कारण त्याचे व्हिडिओ कधीच व्हायरल होत नाहीत. काही बाळं जन्मतःच आत वळलेल्या पावलांची असतात, त्याला क्लबफूट म्हणतात. अमेरिकेत आयोवामध्ये डॉक्टर इग्नासिओ पोन्सेती यांनी मोठ्या ऑपरेशनशिवाय हे सरळ करायची पद्धत बसवली. दर आठवड्याला पाऊल हळूहळू वळवून नवं प्लास्टर, असं काही आठवडे. मग बहुतेकांना टाचेमागच्या शिरेला एक छोटा छेद. पाऊल सरळ!

आणि इथेच आईबाप फसतात, कारण वाटतं झालं. खरं काम यानंतर असतं. दोन छोटे बूट, मध्ये एक पट्टी. पहिले तीन महिने दिवसातले २३ तास, आणि मग साधारण चार वर्षांचं होईपर्यंत रोज झोपताना. बूट घालायचं सोडलं की पाऊल पुन्हा वळतं, आणि पुन्हा वळण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. पहिले काही दिवस बाळ रडतं, आजी म्हणते "काढा ते, लेकराचे हाल", आणि बूट निघतात. मग संशोधन कशावर झालं? तर बूट मऊ करण्यावर, टाच आत नीट बसण्यावर, फोड न येण्यावर. बाळ शांत झोपलं तरच पाऊल सरळ राहणार.

मला वाटतं या क्षेत्रातल्या सगळ्या शोधांना एकच परीक्षा लावावी. सहा महिन्यांनी ती वस्तू अंगावर आहे का, की माळ्यावर?

मग मामांचं काय झालं?

पुण्यातल्या त्या ताईंकडे मामांना घेऊन गेलो. मी तयारीनं गेलो होतो, कुठलं मॉडेल, किती किंमत, सगळी एक्सेल शीट. त्यांनी ती बघितलीच नाही. त्या मामांसमोर खाली बसल्या आणि विचारलं, "काका, सकाळी उठल्यापासून काय काय करता? दुकानात उभे असता की बसून? संडासला कसं बसता? शेतात जाता का?" मामा अर्धा तास बोलले. इतके दिवसांत हे त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

मग त्यांनी एक काम केलं जे मला अजिबात अपेक्षित नव्हतं. त्यांनी आधी उजवा पाय, म्हणजे चांगला पाय, हातात घेतला. नायलॉनच्या एका बारीक तारेनं तळव्याला ठिकठिकाणी टोचून विचारत होत्या, "कळतंय?" ही तार १० ग्रॅम दाबाला वाकते, इतकी साधी तपासणी. तीन जागी मामांना काहीच कळलं नाही. ताई म्हणाल्या, "काका, डावा पाय मी देईन. पण आधी हा उजवा वाचवायचाय."

मामांना आधी मिळाली चप्पल. आत एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, मऊ पण न दबणारं, खाली टणक तळ, आणि कुठेही खिळा नाही. या चपलांमागेही आपल्याकडचाच इतिहास आहे. वेल्लोरला डॉक्टर पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करत होते. त्यांनी दाखवून दिलं की कुष्ठरोगात बोटं रोगानं आपोआप झडत नाहीत. वेदना कळत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय जातो. त्या रुग्णांसाठी जे मऊ रबर वापरलं गेलं तेच आज शुगरवाल्यांच्या पायांना उपयोगी पडतंय. माझ्या मामांच्या खिळ्याची गोष्ट वेल्लोरच्या वॉर्डात कधीच समजली होती. ती आमच्या घरापर्यंत पोचली नव्हती, एवढंच. ती चप्पल चार वर्षांआधी पायात असती तर आज मी हा एपिसोड करत नसतो.

मग नवं सॉकेट, वेगवेगळ्या जाडीचे मोजे, आणि सैल वाटलं की किती मोजे चढवायचे याचं मामीला शिक्षण. पाऊल जुनंच ठेवलं, ते उत्तम होतं! दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं ठरलं. एकदा एसटी चुकली, एकदा पेरणी होती, पण आम्ही जातो.

मामा पळत नाहीत. दुपारी पाय काढून ठेवतात. पण आषाढी एकादशीला फोन आला, "देवळाच्या पायरीवर बसलोय बाळा. पाय घालून."

जाता जाता, कामाचं

घरात कुणाला कृत्रिम पाय मिळणार असेल तर तीन प्रश्न विचाराच. एक, सॉकेट सैल झालं तर कुठे यायचं आणि त्याचे पैसे लागतील का? दोन, बसवणारी व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का? तीन, या पायानं मांडी, उकिडवं बसणं, ओल्या जमिनीवर चालणं यातलं काय जमेल आणि काय नाही? आणि लाल डाग किंवा फोड दिसला तर पाय काढून ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. "सवय होईल" म्हणून ओढत बसू नका.

घरात शुगरवालं कुणी असेल तर आज रात्री त्यांचे तळवे बघा. खरंच बघा. बोटांच्या मधे बघा. चपलेत हात घालून खिळा, खडा काही आहे का बघा. यासाठी ॲप लागत नाही.

आणि बारावी-डिप्लोमावाल्यांनो, पी अँड ओ हा पदवी अभ्यासक्रम आहे. आपल्याकडे मुंबईत हाजी अलीच्या राष्ट्रीय संस्थेतही शिकता येतो. डॉक्टर आणि इंजिनिअर याच्या मधलं, हातानं करायचं काम. मास्टरजींच्या परंपरेतलं.

तर मंडळी, आज एवढंच. तुमच्या घरच्या माळ्यावर असं काही पडून असेल, कॅलिपर, पट्टा, चाकाची खुर्ची, तर ते का पडलंय हे वापरणाऱ्याला एकदा विचारा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एखाद्या भागात त्यावरच बोलू. भाग आवडला तर घरच्या ग्रुपवर टाका, तिथे शुगरवाले नक्की असतील.

भेटूया पुढच्या रविवारी. काळजी घ्या, पायांची पण!